पाठीमागे धरलेला हात

मंगळवार, ४ मार्च

वही ताईने आणून दिली होती, पण पेन्सिल मिळेना. मेट्रन ओफोरिवा म्हणाली, टोकदार वस्तू वॉर्डात चालत नाही. मग मी ओसरीत बसून मोठ्याने स्तोत्रं म्हणायला लागले. चर्चमध्ये माझा आवाज मागच्या दारापर्यंत पोचतो, इथल्या भिंतींची काय कथा. संध्याकाळच्या आत एक बोथट पेन्सिल आली.

तर लिहून ठेवते. मी एकुआ बेन्सिवा, साल्टपाँडला बायकांचे कपडे शिवते, हाताखाली मुली शिकतात, सगळं गाव मला मादाम म्हणतं. मला काहीही झालेलं नाही. गेले काही दिवस झोपले नाही, कारण झोपेपेक्षा मोठं काम हातात होतं. देशातल्या सगळ्या शाळांचे गणवेश मी नव्याने बेतले. दुकानातलं जुनं कापड बाजारात वाटून टाकलं, कारण सरकारकडून नवं येणारच होतं. नमुने घेऊन मंत्र्यांच्या फाटकाशी उभी राहिले. याला आमची अराबाताई वेड म्हणते.

तिने मला फसवून आणलं. म्हणाली, शहरात एका नवरीची मापं घ्यायची आहेत. मी गळ्यात टेप घालून या दवाखान्याच्या दारातून आत आले. टेप काढून घेतली. अंगावरचं कापड, वरचं दोन वारांचं लपेटायचं कापड, डोक्याचा रुमाल, सगळं काढून घेतलं आणि एक झगा दिला.

डॉक्टर टेटे तरुण आहे. माझा मुलगा असता तर मी त्याला आधी दाढी नीट करायला सांगितली असती. तो म्हणाला, गोळ्या घ्या, झोपा, शांत राहा, मग अठ्ठावीसला, शुक्रवारी घरी जा. मी तारीख दोनदा वदवून घेतली. रविवारी तीस तारखेला माझ्या हाताखाली शिकून तयार झालेल्या फोसुआला समारंभाने मोकळं करायचं आहे, म्हणजे ती स्वतःचं दुकान काढू शकेल. जिच्याकडे मुलगी शिकली, त्याच मादामने तिच्या पांढऱ्या पोशाखावर पावडर उधळायची आणि तिच्या गळ्यात टेप घालायची. मादाम नसली तर शिंपी संघाची अध्यक्षीणबाई ते उरकते, आणि मग मुलीच्या दुकानाच्या पाटीआधी गावात बातमी लागते की हिची मादाम वेड्यांच्या दवाखान्यात होती. मी फोसुआवर ही वेळ येऊ देणार नाही.

गुरुवार, ६ मार्च

भिंतीपलीकडून स्वातंत्र्यदिनाची शाळकरी मुलांची बँडची मिरवणूक गेली. गणवेश दिसले नाहीत, पण मला माहीत आहे ते कसे असतील. खांद्याला घट्ट आणि काखेत उसवलेले.

इथला झगा मात्र मी दोन दिवस नीट पाहिला. हिरवा, ढगळ, पाठीमागे वरपासून खालपर्यंत उघडा. बांधायच्या नाड्या सगळ्या काढून टाकलेल्या. माझ्या दुकानात एखाद्या नव्या मुलीने असलं काही शिवलं असतं तर तिच्याकडून शिवण उसवून घेतली असती. या झग्यामुळे वॉर्डातल्या प्रत्येक बाईचा डावा हात कायम पाठीमागे असतो. चालताना, प्रार्थनेला उभं राहताना, डॉक्टरशी बोलताना. उजव्या हाताने जेवायचं, डाव्याने अब्रू सांभाळायची. मग वाडगा कोण धरणार? म्हणून सगळ्या जणी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसतात आणि वाडगा गुडघ्यात धरतात. माझ्याएवढाल्या बाया, नातवंडं असलेल्या.

जीभ जड झाली आहे. गोळ्यांनी. सिस्टर मॅव्हिस गोळी गिळली की नाही ते तोंड उघडायला लावून बघते. वॉर्डात बाकी काय चाललंय याच्याकडे मात्र या बाईचं लक्ष कधीच नसतं. मी तिच्या देखत केंकेचा, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा गादीखाली लपवून ठेवला तरी तिने पाहिला नाही.

रविवार, ९ मार्च

अराबाताई आली. धुरावलेले मासे आणि मिरचीची चटणी घेऊन आली, अर्धे मी बायकांत वाटले. मी तिच्याशी बोलणार नव्हते, पण दुकानाचं विचारणं भाग होतं.

"फोसुआ बघते," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी दुकानात बसते. माशांच्या भट्टीवर शेजारणीला ठेवलंय. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही एकुआ, पण दार उघडं दिसलं की गिऱ्हाईक येतं."

बघा, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, माझ्या खुर्चीत बसते म्हणून. वर म्हणते, मी वाटलेलं कापड तिने दारोदार जाऊन मागून आणलं, बरंचसं परत मिळालं. दिलेलं दान मागायला माझी बहीण गावभर फिरली. मी तिला म्हटलं, तू मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. डोळ्यांना धुराचा त्रास आहे तिच्या, सारखी पुसत होती. निघताना तिने माझ्या झग्याची पाठ आपल्या हाताने ओढून बंद केली आणि फाटकापर्यंत मागे वळून बघत गेली. ती मला दुकान हातातून जाईपर्यंत इथेच ठेवणार असं दिसतंय.

बुधवार, १२ मार्च

रात्री झोपले. सकाळीही झोपले.

खिडकीजवळच्या पलंगावर मन्साआजी आहे. तिला इथे सोडून जाताना घरच्यांनी जो पत्ता दिला, त्या पत्त्यावर कुणी राहत नव्हतं. याला वर्षं झाली. मागल्या पावसाळ्यात तिची डावी बाजू लुळी पडली. ती जेवत नाही. ओसरीत यायला सांगितलं की नकाराची मान हलवते, पलंगावर वाडगा आणला की भिंतीकडे तोंड करते. मग तिला इंजेक्शन देतात. नर्स एकमेकींना सांगतात, आजी अन्न नाकारते, कुणीतरी विष घालेल असं तिला वाटतं.

आज मी तिच्याशेजारी जाऊन बसले. म्हटलं, आजी, विष बिष काही नाही, मीठसुद्धा नाही यात. ती हसली. हसली म्हणजे डोकं शाबूत आहे. मग मला दिसलं. तिचा पलंग वाटेवर आहे, बागेतली माणसं, पाणी आणणारे, सगळे तिथूनच जातात. तिला उजवा हात एकच. तो हात ती झग्यामागे धरून बसते. जेवायचं तर तो सोडावा लागणार.

मी तिच्या पाठीशी उभी राहिले, माझी पाठ वाटेकडे करून. माझी पाठ भरपूर रुंद आहे. आजीने हात सोडला आणि पेज जेवली, वाडगा पुसून.

सिस्टर मॅव्हिस दारात होती. मी तिला म्हटलं, बघितलंत? ती म्हणाली, काय? ही असली इथली माणसं.

गुरुवार, १३ मार्च

मेट्रनकडे गेले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले. म्हटलं, आम्हाला आमची लपेटायची कापडं परत द्या, निदान म्हाताऱ्यांना तरी.

मेट्रन म्हणाली, पूर्वी सगळ्या जणींकडे आपापली कापडं असायची. एकीने त्याच कापडाने गळफास घेतला. "दार मी उघडलं होतं," ती म्हणाली. मग बराच वेळ टेबलावरचा कॅलेंडरचा ठोकळा सरळ करत राहिली. तेव्हापासून कापडं बंद, नाड्या बंद, चादरीही कोठीत. पाहुणे आले की चादरी बाहेर काढतात, गेले की पुन्हा आत.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. ते तोंडावर सांगितलंही. पण एका बाईसाठी सगळ्या बायांना आयुष्यभर उघडं ठेवायचं, हे कुठलं सुतक? तेही सांगितलं. मग मात्र मेट्रनने बाहेर जायला सांगितलं.

डॉक्टर टेटेने माझी झोप, जेवण, बोलणं सगळं विचारलं. म्हणाला, छान चाललंय, अठ्ठावीसचा शुक्रवार नक्की. मी आजीचं सांगितलं तर म्हणाला, तुम्ही स्वतःकडे लक्ष द्या मादाम.

मंगळवार, १८ मार्च

आजची फजिती लिहू नये असं वाटतंय, पण लिहिते.

मला सुचलं, झगा उलटा घालायचा. उघडी बाजू पुढे घेतली की दोन्ही पदर एकावर एक आणून कोपराने दाबता येतात आणि पाठ झाकली जाते. सकाळी सगळ्या बायांना पटवलं. सगळ्यांनी उलटे झगे घातले आणि ओसरीत आलो. बसताना पदर सुटले. एकीचा सुटला म्हणून ती सावरायला गेली तर शेजारणीचा सुटला. बागेतली माणसं फिदीफिदी हसली. दोन जणी रडल्या. मेट्रन धावत आली, तिला वाटलं आम्ही कपडे काढतोय.

बेतताना मी छातीचा घेर धरलाच नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलीची चूक. वेगवेगळ्या अंगाच्या बायांना एका मापाचा झगा पुढून पुरत नाही, हे मला कळायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाला, तुम्ही चाळवल्या आहात आणि इतरांनाही चाळवता. गोळी वाढवली. पुन्हा असं काही झालं तर शुक्रवार विसरा, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. मला हसू आलं तरी आजार, राग आला तरी आजार. मग निरोगी बाईने इथे तोंड कसं ठेवायचं, ते तरी शिकवा.

मी गप्प राहणार आहे. फोसुआसाठी. आजी आज जेवली नाही, कारण मला पलंगावरून उठवत नव्हतं.

सोमवार, २४ मार्च

बुधवारी राजधानीतून पाहुणे येणार. रुग्णांची देखभाल कशी चालते ते बघायला. वॉर्डात चुन्याचा वास सुटलाय. कोठी उघडली, चादरी आल्या. पांढऱ्या, जाड, कडक, घडीच्या रेघा तशाच. मी एक बोटांत धरून पाहिली. चांगलं सुती कापड आहे, अजून धुतलेलंसुद्धा नाही. अंथरल्या, पण त्यांच्यावर झोपू नका असं सांगितलं.

पाहुणे विचारतील तर काय म्हणायचं तेही शिकवलं. जेवण चांगलं आहे, सिस्टर प्रेमळ आहेत. मन्साआजीला त्या दिवशी मागच्या सामानाच्या खोलीत ठेवणार. मी विचारलं, का? मेट्रन म्हणाली, ती फार खंगलेली दिसते.

अराबाताई काल येऊन गेली. फोसुआचा पांढरा पोशाख तयार झालाय. बाह्या तिने स्वतः बेतल्या, फुग्याच्या. ताईने वर्णन केलं ते ऐकून मला कळलं की पोरीने खांदा बरोबर उतरवलाय. ताई म्हणाली, शुक्रवारी सकाळीच न्यायला येते, फक्त तोंड मिटून राहा एवढे चार दिवस.

मी मिटणार आहे तोंड. हे मी देवाशपथ लिहिते. अडीच वर्षं ती मुलगी माझ्या दुकानातला केर काढत होती, मगच कात्रीला हात लावू दिला मी. मी तिथे असायलाच हवं.

पण आजी सामानाच्या खोलीत.

बुधवार, २६ मार्च

फाडली.

आता क्रमाने लिहिते. सकाळी नर्स आजीला चाकाच्या खुर्चीत घालून मागे नेत होत्या. तिने मला हाक मारली नाही, काही नाही. जाताना फक्त उजवा हात झग्यामागे घालून बसली. सामानाच्या खोलीत कोण बघणार होतं तिला? बादल्या? तरी हात मागे.

मी पलंगावरची चादर उचलली. काठ दातांनी तोडला आणि ओढली. सुती कापड एकदा सुरुवात करून दिली की आडव्या धाग्याला धरून सरळ रेषेत फाटतं, कात्री लागत नाही. एका चादरीची दोन लपेटायची कापडं झाली. आवाज ऐकून सगळ्या उठून बसल्या. मी म्हटलं, आपापली आणा. सिस्टर मॅव्हिस तेव्हा खिडकीशी होती. ती सबंध वेळ बाहेर आंब्याच्या झाडाकडे बघत होती, आणि मला वाटतं तिने वॉर्डाचं दारही लावून घेतलं, वाऱ्याने आपटतं म्हणून. त्या बाईला कामावर कोणी ठेवलं देव जाणे.

एका मुलीच्या मनगटावर पट्टी आहे. तिला मी कापड दिलं नाही. मेट्रनने उघडलेलं दार माझ्याही डोक्यात होतं. तिला माझ्याजवळ घेतलं आणि माझ्याच कापडात दोघी लपेटून बसलो, आईने थंडीत लेकराला घ्यावं तसं. मग आजीला जाऊन घेऊन आले. काखेखालून कापड नेलं, पुढे घट्ट खोचलं, खोच माझ्या हातची आहे, ती सुटत नाही.

पाहुणे आले तेव्हा आम्ही सगळ्या ओसरीत टेबलांशी बसून जेवत होतो. दोन्ही हात वर. मन्साआजी मधोमध, शेंगदाण्याच्या रश्शात बोटं बुडवून.

पाहुण्यांत एक उंच बाई होती. ती थांबली, बघत राहिली, आणि मेट्रनला म्हणाली, "हे फार सुंदर आहे. आपल्या बायकांना आपल्यासारखं नेसवायची कल्पना तुमची का?"

मेट्रनच्या तोंडाचा रंग गेला आणि परत आला. मग ती म्हणाली, "हो. नवीनच सुरू केलंय."

मी उठले. मेट्रनने माझ्याकडे असं पाहिलं की मला तारीख आठवली. शुक्रवार. मी पुन्हा बसले. पण त्या उंच बाईने आजीला विचारलं, बरं चाललंय ना आजी? आणि आजी, जी वर्षभर कुणाशी धड बोलली नाही, ती म्हणाली, "आज बरं आहे. काल नव्हतं. उद्याचं यांना विचारा." आणि माझ्याकडे बोट केलं.

मग कसली बसते मी. सगळं सांगितलं. नाड्या, हात, चादरी, इंजेक्शन, सामानाची खोली. पाहुणे मान हलवत होते. डॉक्टर टेटे त्यांना हळूच सांगत होता की मादाम बेन्सिवा अजून उपचार घेत आहेत. त्यांनी आणखी मान हलवली आणि मला खांद्यावर थोपटलं. थोपटणारा हात मी बाजूला केला.

गुरुवार, २७ मार्च

काल संध्याकाळी इंजेक्शन दिलं. अक्षर बघा.

चादरी गेल्या नाहीत. मेट्रनने पाहुण्यांसमोर हो म्हटलंय, त्यांनी अभिनंदन केलंय, आता कुठल्या तोंडाने काढून घेणार? आणि फाटलेली चादर कोठीवाला परत घेत नाही. आजी सकाळी ओसरीत स्वतःहून आली, एक पाय ओढत.

शुक्रवार, २८ मार्च

ताई फाटकाशी बसली होती. डॉक्टरने मला खोलीत बोलावलं, मेट्रनही होती. कोठीला उत्तर द्यायचंय, नव्या चादरी कशा फाटल्या. म्हणजे पाहुण्यांसाठी ती मेट्रनची कल्पना आणि कोठीसाठी माझं वेड.

डॉक्टर वाईट माणूस नाही. त्याने खुर्ची जवळ ओढली. म्हणाला, "मादाम, एवढंच म्हणा की चादरी फाडताना तुमचं मन तुमच्या ताब्यात नव्हतं. म्हणजे तुम्हाला तुमचा आजार कळतोय असं मी धरतो आणि आत्ता सोडतो. नाहीतर आजार उलटला असं धरून पुन्हा सुरुवात करावी लागेल. मी तरी काय करू?"

ताईला आत बोलावलं. ती माझे गुडघे धरून म्हणाली, "एकुआ, एक वाक्य आहे गं. परवा फोसुआचा दिवस आहे. बोलून टाक आणि चल."

फोसुआच्या बाह्या डोळ्यांसमोर होत्या. वाक्य तोंडात आलं होतं, अगदी जिभेवर. मग म्हटलं, "डॉक्टर, मी इथे आले तेव्हा आजारी होते. मंत्र्यांच्या फाटकाशी उभी होते, तो आजार. ताईला शत्रू समजत होते, तोही. तो सगळा तुमचा, घ्या लिहून. पण चादरी मी फाडल्या. हे काम तुमच्या आजाराला मिळणार नाही."

ताई रडली. माझ्यामुळे रडली, धुरामुळे नाही. मी तिला मिठी मारली आणि सांगितलं की फोसुआला पावडर तूच घाल, अध्यक्षीणबाईला हात लावू देऊ नकोस. ती म्हणाली, मला सुईत दोरा ओवता येत नाही. मी म्हटलं, पावडरीला सुई लागत नाही.

रविवार, ३० मार्च

चर्च सुटायच्या वेळेला मी उठून बसले. आता नाचत नाचत रस्त्याने येत असतील. आता पोशाखावर पावडरीचे थर चढले असतील. मी रडले, चांगली भरपूर रडले, आणि मॅव्हिसने मला रडू दिलं, डॉक्टरला बोलावलं नाही. पोरीचा दिवस एकदाच येतो आणि तो मी घालवला. हे कुणी मला समजावू नये.

दुपारी ओसरीत भात होता. मन्साआजीने आपला वाडगा संपवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आणखी मागितला. मेट्रन म्हणाली, भात संपला.

मी म्हटलं, मग चूल पेटवा. आणि डॉक्टरांना सांगा, हेही माझं मन ताब्यात असताना बोलतेय.